मॅग्नेशियममध्ये निओडिमियम: सहा हीट, पाच महिने आणि एक कव्हर

१२ जून २०२५

आमच्या गो-कार्टच्या गिअरबॉक्सचं कव्हर एझेड९१ चं आहे, म्हणजे मॅग्नेशियममध्ये ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का झिंक. हलकं आहे, दिसायला भारी आहे, पण प्रत्येक प्रॅक्टिसनंतर बोल्ट सैल. थ्रेडलॉकर लावून झालं, स्प्रिंग वॉशर घालून झालं, ज्युनिअर पोरांना शिव्या घालून झालं. शेवटी खुणा करून बघितलं तर बोल्ट फिरतच नव्हता, त्याच्या डोक्याखालचं कव्हरच दबत होतं. सायलेन्सर शेजारीच आहे, तिथे १४०-१५० डिग्री सहज होतं, आणि एझेड९१ मध्ये ग्रेनच्या (धातूच्या दाण्यांच्या) कडेने मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा जो फेज (वेगळ्या रचनेचा भाग) असतो तो १२० च्या वर मऊ पडायला लागतो.

यावर रेअर अर्थ (निओडिमियम, सिरियम, इट्रियम असले धातू) घालणं हा जुनाच उपाय आहे, हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सची केसिंग कित्येक वर्षं झेडई४१ ची (झिंक आणि रेअर अर्थवालं मॅग्नेशियम) होतायत. तर एमटेकचा प्रोजेक्ट हाच घेतला. शिरोली एमआयडीसीत आमच्या तात्यांची (लांबचे काका) छोटी ॲल्युमिनियम फौंड्री आहे, त्यांनी एक कोपरा दिला, अट एकच, "आग लागली तर तुझ्या बापाला मी फोन करणार न्हाई, तूच करायचास."

मूळ प्लॅन डब्ल्यूई४३ चा होता, म्हणजे मॅग्नेशियममध्ये ४ टक्के इट्रियम आणि निओडिमियम धरून ३ टक्के बाकीचे रेअर अर्थ. मुंबईच्या ट्रेडरला फोन केला तर म्हणाला इट्रियम विसरा. ४ एप्रिलला चीनने सात रेअर अर्थवर एक्स्पोर्ट लायसन्स लावलं त्यात इट्रियम पण आहे आणि गॅडोलिनियम पण, म्हणजे माझा प्लॅन बी पण गेला. निओडिमियम त्या यादीत नाही. म्हणून रशियन एमएल१० च्या धर्तीवर जायचं ठरवलं: साधारण ३ टक्के निओडिमियम, ०.२ झिंक, अर्धा टक्का झिर्कोनियम, बाकी मॅग्नेशियम. निओडिमियम ३० टक्के असलेलं मास्टर अलॉय (मॅग्नेशियममध्ये आधीच मिसळलेला माल) २ किलो घेतलं, ८,५०० रुपये किलो, वर जीएसटी. शुद्ध निओडिमियम घेऊ नका, हवेत काळं पडतं आणि विरघळायला वेळ खातं.

२० जून

तयारी. तात्यांकडची ॲल्युमिनियमची क्ले-ग्राफाइट क्रुसिबल (धातू वितळवायचं भांडं) चालत नाही, तिच्यातली सिलिका मॅग्नेशियम खातं. स्टेनलेस पण नको, त्यातलं निकेल मेटलमध्ये उतरतं आणि मग गंज थांबत नाही. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) जाड पाईपाला बूड वेल्ड करून क्रुसिबल केली, १,२०० रुपये. वेल्डिंग डबल रन करा आणि रॉकेल भरून रात्रभर ठेवून बघा, आमची पहिली टिपकत होती. भट्टीच्या तळाशी गंजाचा खपला पडलेला असेल तर तो पण झाडून काढायचा, कारण क्रुसिबल फुटून वितळलेलं मॅग्नेशियम गंजावर पडलं तर काय होतं ते थर्मिट वेल्डिंग बघितलेल्याला सांगायला नको.

साचा वाळूचा करायचा होता पण जूनमधलं कोल्हापूर, वाळू कितीही भाजली तरी दुसऱ्या दिवशी दमट. ओल्या साच्यात मॅग्नेशियम म्हणजे हायड्रोजन. म्हणून टेस्ट बारसाठी स्टीलची डाय (धातूचा साचा), एका वेळी चार बार, ३०० डिग्रीला तापवून. डाय तात्यांच्या ओळखीत झाली म्हणून तिचे पैसे धरले नाहीत.

२८ जून, हीट १

ही हीट (भट्टीतली एक खेप) करायलाच नको होती. झालं असं की निओडिमियम महाग, आणि माझ्याकडे एझेड९१ चा स्क्रॅप पडलेला, आणि मिशमेटल स्वस्त (सिरियम, लँथॅनम, थोडं निओडिमियम असं मिक्स, ११०० रुपयांत काम झालं). म्हणलं आधी यावर हात बसवू. भट्टीवरच्या पोराने सुचवलं की सर लायटरचे दगड पण मिशमेटलचेच असतात ना. असतात, पण त्यात लोखंड भरपूर असतं, आणि एझेड९१ मध्ये लोखंडाची मर्यादा ०.००५ टक्के आहे, तेव्हा नको.

३ किलो एझेड९१, २ टक्के मिशमेटल, आणि हुशारी म्हणून ग्रेन बारीक करायला झिर्कोनियम पण टाकलं.

बार चांगले आले. नंतर सोल्युशन ट्रीटमेंट केली (तापवून घातलेला धातू ग्रेनमध्ये विरघळवायचा), एजिंग केलं (कमी तापमानाला ठेवून तो बारीक कणांत बाहेर काढायचा), हार्डनेस घेतला तर नुसत्या एझेड९१ पेक्षा दोन-तीन पॉइंट इकडे तिकडे. मायक्रोस्कोपखाली सुयाच सुया.

५ जुलै

प्रोजेक्टच्या सरांना फोटो दाखवले. ते हसले. ॲल्युमिनियम समोर दिसलं की रेअर अर्थ त्यालाच जाऊन चिकटतं, मॅग्नेशियमच्या ग्रेनमध्ये विरघळतच नाही, तर एजिंगला बाहेर येणार काय? त्या सुया म्हणजे ॲल्युमिनियम-रेअर अर्थचा फेज. आणि झिर्कोनियमचं तर त्याहून वाईट, तेही ॲल्युमिनियमशी जोडी जमवून जड होऊन तळाला बसलं. आयसीपी (कोणता धातू किती टक्के ते सांगणारी लॅबची तपासणी) रिपोर्टमध्ये बारमधलं झिर्कोनियम ०.०१ टक्का. क्रुसिबलच्या तळाचा गोळा कापला तर आत करड्या रंगाचा गाळ, माझे पैसे तिथे होते.

ॲल्युमिनियमबरोबर रेअर अर्थ चालतच नाही असं मात्र नाही. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ ला एई४४ चं इंजिन क्रेडल होतं, त्यात ४ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के रेअर अर्थ. तिथे तो सगळा खेळच असा आहे की रेअर अर्थने ॲल्युमिनियमला बांधून ठेवायचं म्हणजे तो मऊ फेज तयार व्हायला ॲल्युमिनियम उरत नाही. पण ते हाय प्रेशर डाय कास्टिंग, झटक्यात गार होतं म्हणून सुया बारीक राहतात. माझ्यासारख्या हाताने ओतणाऱ्याच्या सुया कंबरपट्ट्याएवढ्या होतात आणि बार तिथूनच तुटतो.

एक हीट, दहा दिवस गेले. इथून पुढे एझेड९१ चा तुकडा पण भट्टीजवळ नको.

१३ जुलै, हीट २

शुद्ध मॅग्नेशियम २.७ किलो, ३०० ग्रॅम मास्टर अलॉय, ६ ग्रॅम झिंक, १०० ग्रॅम झिर्कोनियमचं मास्टर अलॉय (३० टक्केवालं, ४,२०० रुपये किलो). ३ किलोत ३० ग्रॅम झिर्कोनियम म्हणजे १ टक्का, वितळलेल्या मॅग्नेशियममध्ये ०.६ च्या आसपासच विरघळतं, पण बरंच वाया जातं म्हणून जास्त.

वरून झाकायला फ्लक्स (हवा लागू नये म्हणून टाकायची क्षारांची पावडर), मॅग्नेशियम क्लोराइडवालं. डबा उघडला तर आत चिखल. हवेतलं पाणी पिऊन बसलेलं. लोखंडी कढईत चार तास भाजलं तेव्हा कुठे पावडर झाली, आणि अख्ख्या शेडमध्ये नाक धरून फिरायची वेळ.

ओतताना डायच्या तोंडाशी पेटलं. पांढरा लख्ख उजेड, डोळ्यापुढे काही दिसेना, आणि मदतीला आलेला पोरगा सरळ पाण्याची बादली घेऊन धावला. मी किती मोठ्याने ओरडलो ते शेजारच्या शेडमध्ये ऐकू गेलं म्हणे. सुका फ्लक्स टाकून विझवलं. त्या दिवशी संध्याकाळी पाण्याची बादली आणि आग विझवायचा लाल सिलिंडर दोन्ही त्या कोपऱ्यातून हलवले (सीओटू मध्ये पण मॅग्नेशियम जळतं), आणि सुका फ्लक्स आणि ग्राफाइट पावडरचे झाकणवाले डबे हाताशी ठेवले. हे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं.

२४ जुलै

रिपोर्ट आला. निओडिमियम १.९ टक्के. घातलं ३, मिळालं १.९. आधी वाटलं लॅबने घोळ केला, परत करायला सांगणार होतो. मग समजलं की फ्लक्समधला क्लोरीन मॅग्नेशियमला सोडून निओडिमियमला धरतो, आणि निओडिमियम क्लोराइड होऊन फ्लक्समध्ये जातं. म्हणजे ८,५०० रुपये किलोचा माल मी स्वतःच्या हाताने मळीत घालवला. इट्रियम असतं तर तेही याच कारणाने गेलं असतं.

आणि बारवर आठ दिवसांत पांढरे फोड आलेत, जिथे फ्लक्सचा कण आत अडकला तिथे पावसाळी हवेने गंज धरलाय. हे बार परत वितळवायला पण घेता येत नाहीत. भंगारात.

३ ऑगस्ट, हीट ३

फ्लक्स बंद, गॅस सुरू. मोठ्या फौंड्रीत एसएफ-६ वापरतात, पण तो मिळवणं अवघड आणि हवामानाच्या दृष्टीने सीओटूच्या २३ हजार पटीच्या वर वाईट. त्याऐवजी आर-१३४ए. हो, तोच गाडीच्या एसीतला. ओळखीच्या एसी मेकॅनिककडून सिलिंडर घेतला ५,५०० ला, तो विचारत होता फौंड्रीत एसी बसवताय का. सीओटूमध्ये साधारण अर्धा टक्का मिसळून, सिलिका जेलच्या बाटलीतून सुकवून, क्रुसिबलच्या झाकणाखाली सोडायचा. मघाशी म्हणलं सीओटूत मॅग्नेशियम जळतं आणि आता सीओटूच सोडतोय, तर फरक त्या अर्ध्या टक्क्याचा आहे, त्यातल्या फ्लोरीनमुळे मेटलवर पातळ घट्ट साय धरते आणि हवा आत जात नाही. सायीला चांदीसारखी चमक आली की समजायचं बरोबर चाललंय.

पण तो गॅस तापल्यावर एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड, जहरी वायू) सोडतो, हे हलक्यात घेऊ नका. वर हूड, एक्झॉस्ट फॅन, ॲसिड गॅसच्या कार्ट्रिजचा मास्क, आणि फर्स्ट एडच्या पेटीत कॅल्शियम ग्लुकोनेट जेल. जास्त सोडला तर क्रुसिबल पण खातो, पहिली क्रुसिबल आतून फुटाण्यासारखी खड्डेखड्डे झाली, दुसरी करावी लागली.

निओडिमियम आत गेलं, ७८० ला झिर्कोनियम घातलं, तीन मिनिटं ढवळलं, सगळं झकास. आणि डायचा हीटर ट्रिप झाला. तो दुरुस्त होईपर्यंत ५० मिनिटं मेटल तसंच उभं. मग ७४० ला ओतलं.

११ ऑगस्ट

निओडिमियम २.८ टक्के! गॅसने काम केलं. झिर्कोनियम मात्र बसलं, त्या ५० मिनिटांत कण सगळे तळाला. ग्रेन साईज २२० मायक्रॉन, नुसत्या डोळ्याला पण दाणा दिसतोय.

पॉलिशिंगबद्दल एक: पाण्याने पॉलिश करू नका, डाग पडतात आणि मग तेच डाग फेज समजून माणूस फोटो काढत बसतो (मी, दोन दिवस). शेवटचे कागद आणि कापड अल्कोहोलवर. एचिंगला (ग्रेन दिसावेत म्हणून पृष्ठभाग जरा खाववायला) ॲसिटिक ग्लायकॉल.

१७ ऑगस्ट, हीट ४

हीट ३ चे बार आणि उरलेला गोळा परत घेतला, २.४ किलो, वर नवीन मॅग्नेशियम आणि ६० ग्रॅम मास्टर अलॉय. झिर्कोनियम परत पूर्ण १०० ग्रॅम, कारण आधीचं धरायचंच नाही. या वेळी डाय आधी तापवून तयार, मगच झिर्कोनियम. ७८० ला ढवळलं, १५ मिनिटं मोठे कण बसू दिले, ७४० ला ओतलं, तळाचं अर्धा किलो ओतायचंच नाही असं ठरवून टाकलं. ७८० ला जास्त वेळ ठेवलं तर क्रुसिबलमधलं लोखंड उतरतं आणि झिर्कोनियम त्याच्याबरोबर खाली जातं, म्हणून वर जायचं, काम करायचं, खाली यायचं.

ग्रेन ४५ मायक्रॉन. दहा बार चांगले. निओडिमियम २.८. तात्या मोडलेल्या बारचा तुकडा हातात घेऊन म्हणाले, "हे आता रेशमासारखं दिसतंय बघ." ते चाळीस वर्षं मोडलेलं मेटल बघून सांगतात, मला मायक्रोस्कोप लागतो.

२३ ऑगस्ट

आज रडायचंच बाकी आहे. सोल्युशन ट्रीटमेंट ५४० ला १० तास, म्हणजे निओडिमियम सगळं ग्रेनमध्ये विरघळवायचं. हा आकडा मुद्दाम काठावरचा आहे, कारण ५५० च्या आसपास यातलं युटेक्टिक (सगळ्यात आधी वितळणारा भाग) वितळतं. कॉलेजच्या मफल फर्नेसला ५४० सेट केलं आणि चहाला गेलो. फर्नेसने ओव्हरशूट केलं, डिस्प्लेवर मॅक्स ५५६. सकाळी दार उघडलं तर बारच्या अंगावर घाम फुटल्यासारखे मेटलचे थेंब, आणि वरून राखाडी पावडर कारण आत हवाच होती. दहापैकी आठ बार एकदम आत ठेवले होते. का? कारण परत परत फर्नेस लावायचा कंटाळा.

१० सप्टेंबर

गणपतीत फौंड्री बंद, मी पण बंद. तेवढ्यात कंट्रोलरचं ऑटो-ट्यून केलं, स्वतंत्र थर्मोकपल बारला तारेने बांधून ठेवायची सोय केली, आणि एक स्टीलची पेटी केली, आत आर्गॉन सोडायला नळी. (मोठ्या ठिकाणी भट्टीत थोडा एसओटू (गंधकाचा वायू) ठेवतात, घरच्या लॅबमध्ये तो वास सहन करणारा माणूस मला भेटला नाही.)

१४ सप्टेंबर, हीट ५

घाम फुटलेले बार घासून परत घेतले, कमी पडलेलं नवीन मॅग्नेशियम आणि १५० ग्रॅम मास्टर अलॉय. सगळं हीट ४ सारखं. सांगण्यासारखं काही नाही, आणि हेच पहिल्यांदा झालं. निओडिमियम २.९.

२१ सप्टेंबर

सोल्युशन: आधी ५०० ला दोन तास, मग मिनिटाला एक डिग्रीने ५३५. ५४० चा हट्ट सोडला. १० तास. ७० डिग्रीच्या गरम पाण्यात क्वेंच (झटक्यात गार), पेटीतून पाण्यापर्यंत पाच-सहा सेकंदांत. दोनच बार, बाकीचे ते चांगले निघाल्यावर.

एजिंग २०० ला. हार्डनेस विकर्समध्ये: कास्ट ५४, सोल्युशननंतर ५७, २ तासांनी ६१, ४ ला ६६, ८ ला ७३, मग नवव्या तासाला लाईट गेली. दीड तास. बार बाहेर काढून ठेवले, लाईट आल्यावर परत घातले आणि तापलेला वेळच मोजला. १२ ला ७७, १६ ला ७९, २४ ला ७८, ४८ ला ७४. तर १६ तास.

सोल्युशननंतर आकडा फारसा हलला नाही म्हणून घाबरू नका, मी घाबरलो होतो. निओडिमियम तेव्हा नुसतं विरघळलेलं असतं, कडकपणा येतो तो एजिंगला ते अगदी बारीक पत्र्यांच्या रूपात बाहेर पडल्यावर, आणि ते पत्रे ग्रेनच्या आतल्या घसरणीला आडवे उभे राहतात.

४ ऑक्टोबर

टेन्साइल (बार ओढून तोडायची टेस्ट). बार लेथवर कोरडेच कापले, धारदार टूल, जाड चिप. पाण्याचं कूलंट नाही. चिप रोजच्या रोज झाकणवाल्या लोखंडी डब्यात, कारण बारीक चुरा ठिणगीला पेटतो.

तीन बार सरासरी: यील्ड (कायमचा वाकायला लागतो तो ताण) १३८, अल्टिमेट (सोसलेला सर्वात जास्त ताण) २६४ एमपीए, इलाँगेशन (तुटेपर्यंत लांबणं) ६ टक्के. माझ्याच एझेड९१ चे तीन कास्ट बार: ९४, १६१, अडीच टक्के. तिसरा निओडिमियमचा बार २४१ लाच गेला, तुटलेल्या जागी ऑक्साइडची घडी दिसली. ओतताना धार तुटली होती, मला आठवतंय कोणता बार तो.

१६ ऑक्टोबर

ज्यासाठी हे सगळं केलं ती टेस्ट. दोन्हीच्या २० मिलिमीटर चकत्या, एम८ बोल्ट, २० न्यूटन-मीटरने आवळले, १५० डिग्रीला ४८ तास, गार करून किती टॉर्कला सुटतात. एझेड९१ चे: ९, ११, १०. निओडिमियमचे: १७, १६, १७. नुसत्या टॉर्क रेंचवर मोजलंय, थ्रेडचं घर्षण वगैरे त्यात आलंच, पेपरला चालणार नाही असं सर म्हणाले. बोल्ट निसटणार नाही एवढं मला पुरे.

९ नोव्हेंबर, हीट ६

पाऊस संपला, हवा कोरडी, म्हणून कव्हरसाठी वाळूचा साचा. वाळूत गंधक आणि बोरिक ॲसिड मिसळलं नाही तर मेटल साच्यातच काळं पडून पेटतं, हे जुने लोक करत आलेत आणि अजून तेच चालतं. ४ किलो, ४०० ग्रॅम मास्टर अलॉय. पहिलं कव्हर एका कोपऱ्यात भरलंच नाही, भिंत ४ मिलिमीटर आणि मी ७३० ला ओतलं. त्याच हीटमधून दुसरं, मधे परत दोन मिनिटं ढवळून, ७६० ला. भरलं. राईझर (साच्यावरचा जास्तीचा धातू) कापल्यावर आत एक बोटभर श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी), सुदैवाने बोल्टच्या बॉसपासून (बोल्ट बसतो त्या उंचवट्यापासून) लांब.

खर्च: मास्टर अलॉय जीएसटी धरून २०,०६०, झिर्कोनियम ४,२००, मॅग्नेशियम १५ किलो ४,९५०, आर-१३४ए ५,५००, सीओटू १,४००, आर्गॉन १,९००, दोन क्रुसिबल २,४००, मिशमेटल आणि फ्लक्स २,०००, आयसीपीचे पाच रिपोर्ट ९,०००, टेन्साइल ३,०००. एकूण ५४,४१०. यातले हीट १ आणि २ चे पैसे सरळ पाण्यात. तात्यांचं डिझेल आणि जेवण यात नाही, ते घेत नाहीत.

१५ नोव्हेंबर

कव्हर बसवलं. चाळीस मिनिटं प्रॅक्टिस, बोल्ट तपासले, आठपैकी आठ जागेवर. नवव्या बोल्टाचं भोक पोरांनी तिरकं पाडलंय, तिथे आता हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे आटे) बसवायला लागणार. मास्टर अलॉय ७९० ग्रॅम उरलंय, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवलंय. तात्या विचारतायत त्यातून त्यांच्या स्कूटरचं काही होईल का.